सरकारी अनुबोधपट आणि खानदेशचा लोकव्यवहार

राज्य कोणतेंहि असो, त्याला प्रजेशीं बोलावें लागतें. पूर्वीं हें बोलणें दवंडीनें होई. पुढें चावडीवर जाहीरनामे चिकटूं लागले, त्यानंतर वर्तमानपत्रें आलीं आणि नभोवाणी आली. विसाव्या शतकाच्या मध्यास या सर्वांच्या जोडीला सरकारच्या हातीं आणखी एक साधन आलें. तें म्हणजे चित्रपटगृहांतील पडदा. दवंडी ऐकणारा आपल्या वाटेनें निघून जाऊं शकत असे. तिकीट काढून अंधारांत बसलेला प्रेक्षक मात्र सहसा जागचा उठत नाहीं. म्हणून राज्यकर्त्यांची या साधनावर मोठी भिस्त होती. परंतु पडद्यावर पाहिलेलें माणूस घरीं गेल्यावर आचरणांत आणतो काय, आणि आणीत असेल तर कशामुळें, हा प्रश्न निराळा आहे. त्याचें उत्तर शोधावयास जळगांव व धुळें हे दोन जिल्हे फार सोयीचे आहेत.

जुना खानदेश जिल्हा १९०६ सालीं विभागण्यांत आला. पूर्व खानदेशचें मुख्य ठाणें जळगांव झालें व पश्चिम खानदेशचें धुळें. पुढें १९९८ सालीं धुळें जिल्ह्यांतून नंदुरबार हा वेगळा जिल्हा निघाला. तापीच्या दोन्ही तीरांवरची काळी जमीन, कापूस, केळी आणि व्यापार यांमुळें हा मुलूख बाहेरच्या जगाशीं पहिल्यापासून जोडलेला आहे. मुंबईहून भुसावळकडे जाणारा लोहमार्ग जळगांवावरून जातो आणि चाळीसगांवाहून धुळ्यास फांटा फुटतो. या रुळांवरून कापसाच्या गांठी मुंबईस गेल्या आणि त्याच रुळांवरून चित्रपटांच्या पेट्या खानदेशांत आल्या. भुसावळ तर चित्रपट-वितरणाचें एक ठाणेंच बनलें. सेंट्रल सर्किट सिने असोसिएशन या वितरक-प्रदर्शकांच्या संस्थेची मुख्य कचेरी त्याच गांवीं आहे. भाषेच्या दृष्टीनें मात्र हा मुलूख एकजिनसी नाहीं. घरीं अहिराणी किंवा लेवा गणबोली, सातपुड्याच्या पायथ्याशीं भिली व पावरी, शाळेंत व कचेरींत मराठी आणि पडद्यावर हिंदी, असा येथील माणसाच्या कानांचा नित्याचा व्यवहार आहे. पुढील कथा समजण्यास ही गोष्ट ध्यानांत ठेवली पाहिजे.

चित्रपटाला शिक्षकाचें काम देण्याची कल्पना मुळांत सरकारची नव्हे. शेजारच्या नाशिक जिल्ह्यांतील त्र्यंबकेश्वरचे धुंडिराज गोविंद फाळके यांनीं 'राजा हरिश्चंद्र' (१९१३) काढण्यापूर्वी, भांडवल देणाऱ्याची खात्री पटविण्यासाठीं, वाटाण्याच्या रोपाची वाढ थोडी थोडी टिपून तिचा एक लहानसा पट तयार केला होता. बी कसें रुजतें व वेल कशी चढते हें डोळ्यांनीं दिसलें आणि पाहणाऱ्यानें थैलीचें तोंड मोकळें केलें. दुसऱ्या महायुद्धांत सरकारनें हेंच तत्त्व उचललें. १९४० सालीं फिल्म ॲडव्हायझरी बोर्ड स्थापन झालें, जे. बी. एच्. वाडिया व त्यांच्यामागून व्ही. शांताराम हे त्याचे अध्यक्ष होते. १९४३ सालीं इन्फर्मेशन फिल्म्स ऑफ इंडिया व इंडियन न्यूज परेड या सरकारी शाखा निघाल्या. त्याच वर्षीं भारत संरक्षण नियमांत ४४-अ हा नियम घालून, दर खेळांत दोन हजार फुटांपर्यंत सरकारमान्य पट दाखविण्याची सक्ती चित्रपटगृहांवर करण्यांत आली. दोन हजार फूट म्हणजे सुमारें २२ मिनिटें. ज्या जिल्ह्यांत फैजपूर येथें १९३६ च्या डिसेंबरांत खेड्यांत भरलेलें पहिलें काँग्रेस अधिवेशन झालें, तेथील प्रेक्षकाला परक्या सरकारच्या युद्धपटाची ओढ वाटण्याचें कारण नव्हतें. युद्ध संपल्यावर १९४६ सालीं या शाखा बंद झाल्या व सक्तीहि उठली.

स्वराज्य आल्यावर १९४८ सालीं मुंबईंत फिल्म्स डिव्हिजन या नांवाचें सरकारी खातें सुरू झालें आणि सक्ती पुन्हां आली. परवान्याच्या अटीनुसार प्रत्येक चित्रपटगृहाला, मग तें जळगांवचें पक्क्या भिंतींचें असो कीं यात्रेंतील तंबूचें असो, मुख्य चित्रपटापूर्वीं सरकारी वार्तापट किंवा अनुबोधपट दाखवावा लागे. त्याचें भाडेंहि चित्रपटगृहानेंच द्यावयाचें. तें निव्वळ उत्पन्नाच्या शेंकडा एक या हिशेबानें घेतलें जाई. शिवाय पंचवार्षिक योजनांच्या प्रचारासाठीं १९५३ पासून केंद्र सरकारचीं फिरतीं पथकें निघालीं. त्यांच्या मोटारी खेड्यांत जात, शाळेच्या किंवा मारुतीच्या देवळाच्या पटांगणांत पडदा ताणीत आणि फुकट खेळ करीत. ज्या खेड्यांत वीज पोंचली नव्हती तेथें हा खेळ म्हणजे एक सोहळाच असे.

परंतु या पटांचे दोन दोष आरंभापासून होते. पहिला भाषेचा. सुरवातीस हे पट इंग्रजी, हिंदी, बंगाली, तामिळ व तेलगू या पांच भाषांतच निघत. मराठीचा समावेश मागाहून झाला, आणि अहिराणी किंवा भिली यांचा तर प्रश्नच नव्हता. पडद्यावर नांगर धरणारा शेतकरी कधीं बोलत नसे. त्याच्यावतीनें एक भारदस्त, अदृश्य आवाज बोलत असे. तो आवाज कोणा आप्ताचा किंवा शेजाऱ्याचा वाटत नसे, कचेरीचा वाटे. दुसरा दोष वेळेचा. प्रती थोड्या असल्यानें त्या प्रथम मोठ्या शहरांत फिरत व मग खालच्या फेऱ्यांना येत. त्यामुळें लहान गांवच्या प्रेक्षकाला वार्तापटांत जी वार्ता दिसे ती शिळी झालेली असे. परिणाम असा झाला कीं, सरकारी पट चालू असेपर्यंत बाहेर भुईमुगाच्या शेंगा खात उभें राहावें व मुख्य चित्रपटाच्या वेळीं आंत जावें, हा परिपाठ पडला. सक्तीनें पट दाखवितां आला; तो लक्ष देऊन पाहावयास लावणें सक्तीच्या हातीं नव्हतें.

असें असूनहि या काळांत लोकांच्या पुष्कळ संवयी बदलल्या. त्यांपैकीं कोणत्या बदलांत पडद्याचा हात होता हें पाहूं लागल्यास एक गोष्ट ठळकपणें दिसते. शिकवण आणि शिकविलेली वस्तु हीं दोन्हीं जेथें एकाच वेळीं दारीं आलीं, तेथें संवय बदलली.

नाण्यांचें उदाहरण घ्यावें. १ एप्रिल १९५७ रोजीं दशमान नाणेंपद्धति सुरू झाली. सोळा आण्यांचा, चौसष्ट पैशांचा रुपया एकाएकीं शंभर नव्या पैशांचा झाला. पडद्यावर, भिंतींवर व टपालकचेऱ्यांत कोष्टकें झळकलीं. एका आण्याचे सव्वासहा नवे पैसे होत. पण पाव पैशाचें नाणें नव्हतें. म्हणून एका आण्यास ६, दोन आण्यांस १२, तीन आण्यांस १९ व चार आण्यांस २५ असा हिशेब ठरला. दोन वेळां एकेक आणा दिला तर १२ पैसे, आणि तिसरा दिला कीं एकूण १८. पण एकदम तीन आणे दिले तर मात्र १९! या एका पैशावरून बाजारांत हुज्जती झाल्या. तरीहि थोड्याच वर्षांत निरक्षर भाजीवालीसुद्धां नव्या हिशेबांत तरबेज झाली, कारण नाणें रोज तिच्या तळहातावर पडत होतें. १ जून १९६४ पासून 'नवा' हा शब्दहि गळाला. जीभ मात्र जुन्याच वळणाची राहिली. २५ पैशांचें नाणें ३० जून २०११ रोजीं चलनांतून जाईपर्यंत लोक त्याला 'चार आणे'च म्हणत.

वजनांचीहि तीच कथा. १९५६ च्या कायद्यानें मेट्रिक वजनें-मापें ठरलीं आणि १९५८ च्या ऑक्टोबरपासून १९६२ पर्यंत तीं टप्प्याटप्प्यानें लागू झालीं. शेर, पायली व मण जाऊन किलो, लिटर व क्विंटल आले. बाजार समितींत शेतकऱ्याचा कापूस क्विंटलवर मोजूं लागले. पण तोच कापूस सरकी काढून रुई झाला कीं पुन्हां खंडीच्या भावानें विकला जातो, आणि ती खंडी म्हणजे जुन्या ७८४ रत्तलांचे ३५६ किलो होत. जळगांवच्या सराफ बाजारांत याहून गमतीचा प्रकार झाला. जुना तोळा सुमारें ११.६६ ग्रॅमचा. आतां गिऱ्हाईक तोळा मागतें आणि सराफ १० ग्रॅम तोलतो. शब्द जुना, वजन नवें, आणि दोघांचीहि तक्रार नाहीं. लोक नवी शिकवण टाकून देत नाहींत; तिला आपल्या सोयीनें मुरड घालून घरांत घेतात. अनुबोधपटाच्या भारदस्त आवाजाला हें ठाऊक नव्हतें.

आरोग्याच्या बाबतींत प्रश्न अधिक नाजूक होता. मराठींत ज्या रोगाला 'देवी' हेंच नांव आहे, त्याच्याशीं लढावयाचें म्हणजे लोकांच्या श्रद्धेशीं बोलणें आलें. घरांत देवी आल्या कीं दाराला कडुलिंबाचा पाला बांधावा, रोग्याला थंडावा द्यावा आणि देवीची शांति होईपर्यंत मोठ्यानें बोलूंहि नये, अशी रीत होती. पडद्यावरील लस टोचण्याचें चित्र पाहून ही रीत आपोआप मोडली नाहीं. १९६२ सालीं राष्ट्रीय देवी-निर्मूलन मोहीम सुरू झाली व १९६७ पासून जागतिक आरोग्य संघटनेच्या साह्यानें तिला जोर आला. तिच्यांत चित्राचा खरा उपयोग झाला तो निराळ्या रीतीनें. आरोग्यसेवक हातांत देवीच्या फोडांनीं भरलेल्या मुलाचें छायाचित्र घेऊन घरोघर, शाळांतून व आठवडे-बाजारांतून फिरत आणि 'असा रोगी कोठें पाहिला काय?' एवढेंच विचारीत. अखेरीस नवा रोगी दाखवून देणाऱ्यास १००० रुपयांचें बक्षीसहि लागलें. १९७५ च्या मे महिन्यांत देशांतील शेवटचा रोगी आढळला व १९७७ च्या एप्रिलांत भारत देवीमुक्त झाल्याचें ठरलें. येथें चित्र होतें, पण त्याच्यामागें प्रश्न विचारणारा व उत्तर ऐकून घेणारा माणूस उभा होता.

हा माणूस मागें हटला कीं काय होतें, तें हिंवतापानें दाखविलें. १९५३ सालीं हिंवताप नियंत्रण मोहीम निघाली तेव्हां देशांत वर्षाला साडेसात कोटि लोकांना हा ताप येत असल्याचा अंदाज होता. घरोघर डी. डी. टी. फवारल्यानें १९६५ पर्यंत हा आंकडा एक लाखावर आला. मग फवारणी ढिली पडली, डासहि औषधास सरावले आणि १९७६ सालीं रोग्यांची संख्या पुन्हां ६४ लाखांवर गेली. डांस व डबकीं यांविषयींची शिकवण लोक विसरले होते असें नव्हे. शिकवणीच्या मागचें काम थांबलें होतें.

यानंतरचें प्रकरण सर्वांत दुःखद आहे. कुटुंबनियोजनावर फिल्म्स डिव्हिजननें जितके पट काढले तितके क्वचितच दुसऱ्या विषयावर काढले असतील. लाल त्रिकोण व 'दोन किंवा तीन पुरेत' ही घोषणा खेड्यापाड्यांतील भिंतींवर पोंचली. ज्या महाराष्ट्रांत रघुनाथ धोंडो कर्वे यांनीं १९२१ सालीं मुंबईंत संततिनियमनाचें केंद्र काढून लोकनिंदा सोसली होती, तेथें हा विषय चारचौघांत बोलण्याजोगा झाला, यांत पडद्याचा वाटा नाकारतां येणार नाहीं. समजावणीचें हें काम हळूहळू पण खरोखर पुढें सरकत होतें. तेवढ्यांत जून १९७५ मध्यें आणीबाणी आली. समजावणीची जागा आंकड्यांच्या उद्दिष्टांनीं घेतली. १९७६ सालीं महाराष्ट्र विधिमंडळानें तीन अपत्यांनंतर नसबंदी सक्तीची करणारें विधेयकहि मंजूर केलें. राष्ट्रपतींची संमति न मिळाल्यानें तें कायदा झालें नाहीं. १९७६-७७ या एका वर्षांत देशांत ८२ लाखांहून अधिक शस्त्रक्रिया झाल्या. सक्ती उठल्यावर, १९७७-७८ सालीं, हाच आंकडा साडेनऊ लाखांच्या आसपास आला. पट तेच होते, घोषणा जवळजवळ त्याच होत्या. गेला होता तो विश्वास. ज्या पडद्यानें पंचवीस वर्षें 'तुमच्या भल्यासाठीं' म्हणून सांगितलें, त्याच्यामागें पोलीस व तलाठी उभे असल्याचें लोकांना दिसलें. आणि मग पडद्याचें खरें बोलणेंहि खोटें वाटूं लागलें. पुढें या खात्याचें नांव 'कुटुंबकल्याण' असें बदलावें लागलें, यांतच सर्व आलें.

दरम्यान काळहि पालटला. २ ऑक्टोबर १९७२ रोजीं मुंबईचें दूरदर्शन केंद्र सुरू झालें आणि यथाकाल पडदा खानदेशांतील घराघरांत आला. चित्रपटगृहांतील सक्ती सर्वोच्च न्यायालयानें १९९९ सालीं वैध ठरविली खरी, पण तिचा जीव गेला होता. २०२२ सालीं फिल्म्स डिव्हिजन राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळांत विलीन झालें. सरकारी अनुबोधपटाची कथा येथें संपली असती. परंतु तिचा सर्वांत स्मरणीय भाग याच सुमारास घडला, आणि तो खानदेशांतील एका मुलानें घडविला.

तंबाखूचें व्यसन खानदेशाला नवें नाहीं. कमरेची चंची सोडून पाहुण्याला तंबाखू-चुना देणें हा येथें आदरातिथ्याचाच भाग. बायकांत मशेरीची संवय. त्यांत विसाव्या शतकाच्या शेवटच्या दोन दशकांत गुटख्याची चकचकीत पुडी आली. ती स्वस्त होती, खिशांत मावत होती व धूर नसल्यानें वडील माणसांपासून लपवितां येत होती. शाळकरी मुलेंहि तिच्या नादीं लागलीं. महाराष्ट्र सरकारनें २००२ सालीं गुटख्यावर बंदी घातली. ती २००४ सालीं सर्वोच्च न्यायालयांत टिकली नाहीं. अशा काळांत भुसावळचा एक तरुण तोंडाच्या कर्करोगानें मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयांत दाखल झाला. तेथें त्याचें बोलणें चित्रपटावर टिपण्यांत आलें. आपलें नांव मुकेश, आपण गुटखा फक्त एक वर्ष चघळला, आतां शस्त्रक्रिया व्हावयाची आहे व त्यानंतर कदाचित् बोलतां येणार नाहीं, इतकेंच त्यानें सांगितलें. २००९ सालीं, वयाच्या २४ व्या वर्षीं, तो वारला. केंद्र सरकारच्या आरोग्य खात्यानें तो पट अनेक भाषांतून प्रसृत केला. २ ऑक्टोबर २०१२ पासून प्रत्येक चित्रपटाच्या आरंभीं व मध्यंतरानंतर तंबाखूविरोधी पट दाखविण्याची सक्ती झाली, तेव्हां वर्षभर सबंध देशानें हा पट पाहिला.

सक्ती जुनीच होती, पडदाहि तोच होता. फरक एवढाच कीं, या वेळीं अदृश्य भारदस्त आवाज गप्प बसला आणि पडद्यावरचा माणूस स्वतः बोलला. साठ वर्षें ज्या मुलखानें परक्या आवाजाची शिकवण ऐकली, त्याच मुलखांतील एका मुलानें आतां देशाला सांगितलें. त्यानें उपदेश केला नाहीं कीं धाक घातला नाहीं. मरणाच्या दारांत असलेल्या माणसानें आपली हकीकत सांगावी आणि ऐकणाऱ्यानें तिचा अर्थ आपल्यापुरता लावावा, इतकें साधें हें काम होतें.

त्याचा परिणाम किती झाला, हें मापण्यास अतिशय जपलें पाहिजे. पुष्कळांनीं तो पट पाहून डोळे मिटले. पुष्कळांनीं मुकेशच्या बोलण्याची नक्कल करून हंशा पिकविला. हंशा हाहि भीति लपविण्याचा एक मार्ग आहे, आणि ज्याची नक्कल होते तें निदान ऐकलें तरी गेलेलें असतें. आंकडे पाहिले तर, जागतिक प्रौढ तंबाखू पाहणीनुसार महाराष्ट्रांत तंबाखू सेवन करणाऱ्या प्रौढांचें प्रमाण २००९-१० सालीं शेंकडा ३१.४ होतें, २०१६-१७ सालीं तें २६.६ झालें. या उतरणीचें श्रेय एकट्या पटाला देतां येत नाहीं. २०१२ च्या जुलैमध्यें राज्यांत गुटख्यावर पुन्हां बंदी आली, वेष्टनांवरचीं भयसूचक चित्रें मोठीं झालीं, शाळांनीं मोहिमा काढल्या. उलट पक्षीं, बंदीनंतरहि चोरट्या वाटेनें पुड्या येत राहिल्या आणि सुगंधी सुपारीची एक पुडी व तंबाखूची एक पुडी विकत घेऊन गिऱ्हाईक स्वतःच गुटखा बनवूं लागलें. म्हणजे अजूनहि चार प्रौढांतील एकाहून अधिक माणसें जेथें होतीं तेथेंच राहिलीं. पण नाण्यांचा व देवीचा धडा येथेंहि लागू पडतो. चित्र, कायदा व समोर येऊन बोलणारा माणूस हीं तिन्ही एका दिशेनें चाललीं, तेवढ्यापुरती संवय हलली.

या साऱ्या इतिहासाचा हिशेब मांडला तर खानदेशच्या माणसाला हट्टी किंवा अडाणी म्हणण्यास कांहींच आधार सांपडत नाहीं. त्यानें नवें नाणें घेतलें, नवें वजन घेतलें, देवीची लस घेतली. जेथें त्याच्या दारीं वस्तु व माणूस आला तेथें त्यानें दार उघडलें. जेथें धाक आला तेथें लावून घेतलें, आणि तें पुन्हां उघडण्यास फार वर्षें लागलीं. सरकारच्या हातीं आज चित्रपटगृहाचा पडदा नसला तरी प्रत्येकाच्या हातांतील दूरध्वनियंत्राचा पडदा आहे. २०२० सालच्या साथींत दूरध्वनि लावतांना ऐकूं येणारी सूचना सर्वांच्या स्मरणांत आहे. पुढें साथ येईल, टंचाई येईल, नवा कायदा येईल, तेव्हां पुन्हां लोकांना कांहींतरी समजावून सांगावें लागेल. तें सांगणाऱ्याजवळ भारी यंत्रें असलीं किंवा नसलीं तरी चालेल. भुसावळच्या त्या मुलाप्रमाणें तो खरें बोलतो, एवढें ऐकणाऱ्याला पटलें पाहिजे.